पंधरा मिनिटांची कुस्ती, सत्तावीस वर्षांची नोकरी

कोल्हापूरचा वीकेंड प्लॅन साधारण ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग झणझणीत मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि जाता जाता खासबागेतली भेळ. रविवारी रात्रीची गाडी पकडायची आणि सोमवारी सकाळी पुन्हा तेच ऑफिस, तोच बॉस, तीच टार्गेट्स!

भेळ संपली की आपण हात झटकतो आणि पार्किंगकडे वळतो. पलीकडे जे मैदान आहे, तिथं डोकावायला फारसं कुणी जात नाही. एकदा जाऊन बघाच. मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याभोवती वर वर चढत जाणारी गोलाकार बैठक. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. तिथं त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि आपल्याही गावात असं काहीतरी हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. बांधणी अशी की अगदी वरच्या रांगेत बसलेल्या माणसालाही हौद्यातला डाव स्पष्ट दिसावा. त्या काळात ना मोठे स्क्रीन, ना रिप्ले. डोळे उघडे ठेवायचे आणि बघायचं, बस्स!

पण महाराजांचं खरं काम मैदानापुरतं नव्हतं. त्यांनी तालमींना आधार दिला, पैलवानांना पोसलं, लांबलांबच्या मल्लांना कोल्हापुरात बोलावलं. जिंकून आलेल्या पैलवानाला फेटा बांधायला कुठल्याही गावाला जमतं. तो जिंकायच्या आधी, त्याचं नावही कुणाला माहीत नसताना त्याच्या दुधा-तुपाचा आणि बदामाचा खर्च उचलायचा, ही सवय कोल्हापूरला लागली ती तेव्हापासून. आजची गोष्ट या सवयीची आहे. आणि या सवयीमुळे ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या एका माणसाच्या करिअरचीही.

त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे पैलवान. हेलसिंकी, १९५२, ब्राँझ. जनरल नॉलेजच्या पुस्तकात ही एवढी एक ओळ असते. आपण ती पाठ केली, परीक्षेत लिहिली, एक मार्क मिळवला आणि विसरून गेलो. त्या एका ओळीच्या अलीकडे आणि पलीकडे जे घडलं, ते मात्र आपल्यासारख्या नोकरी करणाऱ्यांनी वाचायलाच हवं.

अंगानं लहान, डावानं महान

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव कराडजवळचं गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. म्हणजे घरात वस्ताद आयता आणि जोडीला भाऊही आयते! शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याचं कामही या पोरानं केलं. मग कॉलेजसाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले.

पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो आडवातिडवा देह उभा राहतो, तसे खाशाबा नव्हतेच. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, अंगकाठी लहान. त्यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. कॉलेजच्या वार्षिक खेळांमध्ये त्यांना कुस्तीसाठी नाव द्यायचं होतं. खेळाच्या शिक्षकांनी त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाव घ्यायला नकार दिला. आपल्या भाषेत सांगायचं तर सीव्ही पहिल्याच राउंडला रिजेक्ट! खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी घेऊन आले आणि आपल्यापेक्षा अंगानं दांडग्या पोरांना एकामागून एक चीत करून मोकळे झाले.

त्यांचा हुकमी डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या कवेत घ्यायची, कमरेतून वळायचं आणि त्याला उचलून आपटायचं. या डावाला ताकद लागते, पण त्याहून जास्त लागतं ते टायमिंग. क्षणभर आधी हात घातला तर समोरचा सावध होतो आणि क्षणभर उशीर झाला तर आपणच खाली जातो. अंगानं लहान असलेल्या माणसाला असा डाव म्हणजे वरदानच.

मातीतून मॅटवर

१९४८. लंडन ऑलिम्पिक. खाशाबा तेव्हा बावीस वर्षांचे. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, आणि हा मातीतला पैलवान समुद्रापार गेला.

इथं एक गोष्ट समजून घेऊया. आपली कुस्ती लाल मातीतली. तीही साधी माती नाही. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं काय काय घालून ती मुरवतात. ही माती पायाला धरते, अंगाला लागते, घामानं निसरडा झालेला हात तिच्या चिमटीनं पुन्हा पकडीत येतो. शिवाय आपल्याकडे निकाली कुस्तीला मान. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की विषय संपला. वेळेचं बंधन ढिलं, गुणांचा हिशेब जवळजवळ नाहीच.

ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर म्हणजे मॅटवर. पाय सरकतो वेगळा, पकड बसते वेगळी. घड्याळ चालू असतं. चीत नाही झाला तर पंच निर्णय देतात. म्हणजे मराठी मीडियममधून बारावीपर्यंत शिकलेल्या पोराला थेट लंडनला इंग्रजीतून इंटरव्ह्यूला बसवावं, तशातला प्रकार! तिथं अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी खाशाबांना मॅटवरचे बारकावे शिकवले. तेवढ्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. पहिल्याच झटक्यात जगात सहावे!

या सहाव्या नंबरावर आयुष्यभर जगता आलं असतं. गावात मान होता, शहरात ओळख होती. पण खाशाबा परत आले ते डोक्यात एकच हिशेब घेऊन. अजून चार वर्षं आहेत.

सात हजार रुपये

ती चार वर्षं त्यांनी घाम गाळण्यात घालवली. वजनाचा गटही बदलला. फ्लायवेटवरून बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. पण हेलसिंकीच्या आधी घरचीच कुस्ती लढावी लागली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. टीममधलं नाव गेलं. ऑफिसात हे सगळ्यांना ओळखीचं आहे. काम तुम्ही करायचं आणि लिस्टमध्ये नाव दुसऱ्याचं! आपण अशा वेळी कॅन्टीनमध्ये दोन कप चहा जास्त पितो आणि गप्प बसतो. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळाचे दर्दी. त्यांनी निवड चाचणीची कुस्ती लावून दिली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं आणि जागा परत मिळवली.

आता प्रश्न पैशांचा. निवड झाली म्हणजे तिकीट हातात पडलं, असं तेव्हा नव्हतं. प्रवासाचा खर्च खेळाडूनंच उभा करायचा. मुंबई सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. ज्याला जे जमलं ते त्यानं दिलं. तरी आकडा पुरा होईना.

शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

ही ओळ पुन्हा एकदा वाचा. त्या काळात तोळाभर सोनं शंभर रुपयांच्या आसपास मिळायचं. सात हजार म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीच करा. आणि प्राचार्य म्हणजे काही संस्थानिक नव्हे, पगारी माणूस. तुमच्या-आमच्यासारखाच. घराचा ईएमआय चुकला तर आपल्याला रात्रीची झोप लागत नाही. या माणसानं आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी छप्परच पणाला लावलं. समोर कुठलं पदक नव्हतं, पेपरात फोटो यायची खात्री नव्हती. पोरगं हरून आलं असतं तर घर गेलंच असतं.

अर्धा तास, जो मिळालाच नाही

जुलै १९५२. हेलसिंकी. खाशाबा सव्वीस वर्षांचे, म्हणजे तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमधला जो मुलगा आहे ना, साधारण त्याच्या वयाचे.

कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो... खाशाबांनी एकेक गडी मागे टाकला. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. हा मूळचा ज्युडोवाला. महायुद्धानंतर जपान पहिल्यांदाच ऑलिम्पिकला उतरला होता आणि त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकमेव सुवर्णपदक याच इशीनं नेलं. त्याच्याशी खाशाबांची कुस्ती चांगली पंधरा मिनिटं चालली. कुणी चीत होईना. निर्णय पंचांकडे गेला आणि तो इशीच्या बाजूनं लागला.

पंधरा मिनिटं म्हणजे काय, हे कळायला तालमीत जायला नको. जिममध्ये ट्रेडमिलवर फुल्ल स्पीडनं पाच मिनिटं पळून बघा आणि नंतर कुणीतरी तुमची मान धरून खाली दाबतोय अशी कल्पना करा!

खाशाबा धापा टाकत बाहेर आले आणि त्यांना सांगण्यात आलं की पुढची कुस्ती लगेच. समोर सोव्हिएत रशियाचा रशीद मम्मदबेयोव. नियमानं दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण हे पंचांना ठणकावून सांगायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगानं पुन्हा मॅटवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ.

याच स्पर्धेत कोल्हापूरचेच माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं. जरा विचार करा, एका शहराच्या तालमींतून एकाच ऑलिम्पिकमध्ये एक तिसरा आणि एक चौथा!

अर्धा तास मिळाला असता तर रंग बदलला असता का? सांगता येत नाही. पण त्या अर्ध्या तासासाठी भांडणारा एक माणूस तिथं असायला हवा होता, एवढं नक्की. टॅलेंट तुमचं असतं. पण तुमच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी खोलीत असावं लागतं. अप्रेझल मीटिंगला तुम्ही नसता, तुमच्याबद्दल बोलणारा असतो किंवा नसतो. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

परत आल्यावर मात्र कराड स्टेशनवर लोटलेली गर्दी बघण्यासारखी होती. शंभरावर बैलगाड्या, ढोल-ताशे, गुलाल. कराड ते गोळेश्वर हे अंतर एरवी काही मिनिटांचं. त्या दिवशी मिरवणुकीला म्हणे सात तास लागले.

मिरवणूक संपली आणि खाशाबा पहिल्या कामाला लागले. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचं गहाण घर सोडवून दिलं. ऑलिम्पिक पदकविजेत्यानं पदकानंतर केलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे कर्जफेड! मला विचाराल तर हेलसिंकीच्या कुस्तीइतकीच ही कुस्तीही मोठी होती.

तिकडे लंडनमध्ये...

थोडं लंडनला जाऊया, कारण त्याच सुमारास तिथंही एका पठ्ठ्याचं करिअर गाजत होतं. १९४८ च्या ऑलिम्पिकमधली कुस्ती लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागात झाली. खाशाबा तिथंच लढले. तीन वर्षांनी, १० जुलै १९५१ ला, त्याच अर्ल्स कोर्टात बॉक्सिंगची एक लढत झाली आणि अख्खं इंग्लंड वेडं झालं. रँडॉल्फ टर्पिन नावाच्या २३ वर्षांच्या मिडलवेट बॉक्सरनं साक्षात शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. रॉबिन्सन तोवरच्या प्रोफेशनल करिअरमध्ये फक्त एकदा हरला होता!

टर्पिनही छोट्या गावचा, लेमिंग्टनचा. वडील ब्रिटिश गयानातून आलेले, ते लवकर गेले. घरात तिघे भाऊ बॉक्सर. त्या देशात १९४८ पर्यंत कृष्णवर्णीय बॉक्सरला ब्रिटिश विजेतेपदासाठी लढायचीच मुभा नव्हती. ती बंदी उठल्यावर ते विजेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय बॉक्सर म्हणजे टर्पिनचा थोरला भाऊ डिक. अशा घरातला पोरगा जगज्जेता झाला.

किती दिवस? ६४. सप्टेंबर १९५१ मध्ये न्यूयॉर्कला परतीची लढत झाली आणि दहाव्या राउंडमध्ये रॉबिन्सननं किताब परत नेला. टर्पिन त्यानंतरही बरीच वर्षं लढला, पैसाही मिळाला, पण टिकला नाही. मागेल त्याला देत गेला. वेल्समधल्या एका डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलात पैसे घातले, ते बुडाले. पाठोपाठ टॅक्सवाल्यांची नोटीस आली. बॉक्सिंग सुटल्यावर देणी फेडायला हा माजी जगज्जेता चक्क शोच्या कुस्त्या करत गावोगाव फिरला. अखेर दिवाळखोरी आली, आणि १९६६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, गोळी लागून त्याचा अंत झाला. २००१ मध्ये वॉरिक गावच्या चौकात त्याचा पुतळा उभारला.

दोघांची तुलना करायची म्हणून हे सांगत नाही. खेळ वेगळा, देश वेगळा, पैसा तर फारच वेगळा. पण एक फरक डोळ्यांत भरतो. टर्पिनच्या भोवती गर्दी जमली ती जिंकल्यानंतर, आणि ती काहीतरी मागायला आली होती. खाशाबांच्या मागं जी माणसं उभी राहिली, ती जिंकायच्या आधी, आणि ती द्यायला आली होती.

अर्थात म्हणून खाशाबांची पुढची वाट सोपी झाली असं समजू नका.

पदक कपाटात, ड्युटी रोज

आज ऑलिम्पिक पदक म्हणजे कोटीची बक्षिसं, जाहिराती, बायोपिक. १९५२ मध्ये यातलं काहीच नव्हतं. पोटापाण्याचं बघायलाच हवं होतं. १९५५ मध्ये खाशाबा पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची आशा होती, पण गुडघ्याची दुखापत आडवी आली. तिथं पैलवानकी थांबली आणि नोकरी उरली.

तब्बल २७ वर्षं त्यांनी ही नोकरी केली. पोलीस दलाच्या स्पर्धा जिंकल्या, खेळाचे प्रशिक्षक म्हणून काम केलं आणि असिस्टंट पोलीस कमिशनर होऊन निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली एशियाडला मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. आणि त्याच माणसाला निवृत्तीनंतर स्वतःच्या पेन्शनसाठी झगडावं लागलं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. फॉर्म भरा, सही आणा, पुन्हा या. अर्जावर 'ऑलिम्पिक पदकविजेता' लिहिण्यासाठी वेगळा रकाना नसतो!

१४ ऑगस्ट १९८४ ला मोटरसायकलच्या अपघातात खाशाबा गेले. वय ५८.

त्यानंतर सगळं रीतसर सुरू झालं. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मिळाला, मरणोत्तर. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. १५ जानेवारी २०२३ ला गूगलनं त्यांचं डूडल केलं आणि त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदा त्यांचं नाव सर्च केलं. पुढे राज्य सरकारनं १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला. पद्म पुरस्कारासाठी घरचे आणि गावकरी वर्षानुवर्षं मागणी करत राहिले.

यातलं काहीही वाईट नाही. सगळं व्हायलाच हवं होतं. पण तारखा बघा. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. तेव्हा खाशाबा नोकरीत होते, धडधाकट होते, फोन केला असता तर आले असते.

७२ वर्षांनी

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक दिसायला ४४ वर्षं लागली. १९९६ मध्ये अटलांटाला लिअँडर पेसनं ते आणलं. कुस्तीत तर २००८ पर्यंत, सुशीलकुमारपर्यंत थांबावं लागलं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक? थेट १ ऑगस्ट २०२४! पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी, जिल्हा अर्थातच कोल्हापूर. शाहू महाराजांनी जिथं धरण बांधायला घेतलं, तोच हा राधानगरी तालुका.

स्वप्नीलची गोष्ट आपल्याला आणखी जवळची, कारण हा गडी नोकरदार. २०१५ पासून मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस. वडील शिक्षक. मुलाच्या सरावासाठी काडतुसं घ्यायला घरच्यांनी कर्ज काढल्याचं त्या दिवसांत सगळ्या पेपरांत आलं होतं. पदक मिळालं तसे राज्य सरकारनं एक कोटी रुपये जाहीर केले आणि रेल्वेनं ताबडतोब बढती दिली.

आनंदच आहे. १९५२ आणि २०२४ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, हेही मान्य. स्वप्नील राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. म्हणजे जिंकायच्या आधी थोडाफार हात देण्याची सोय आता सरकारी पातळीवर झाली आहे. खाशाबांच्या वेळी तीही नव्हती. पण कर्ज काढायची वेळ आधी घरच्यांवर आली आणि कोटीचा आकडा आला तो नंतर, हा क्रम मात्र ७२ वर्षांत फारसा बदललेला नाही.

मग आपण काय करायचं?

आपण काय ऑलिम्पिकला जाणार नाही, बॉस. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असं एक पोर असतंच. कुणाच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी पहाटे पाचला उठून पळते. कुणाचा गावाकडचा चुलतभाऊ तालमीत राहतो आणि खुराकाचे पैसे आले नाहीत म्हणून महिन्याच्या शेवटी दूध अर्ध्यावर आणतो. ऑफिसमधला एखादा ज्युनिअर खरोखर चांगलं काम करतो आणि मीटिंगमध्ये त्याचं नाव घ्यायला कुणी तोंड उघडत नाही.

ते जिंकले की आपण स्टेटस ठेवणार आहोतच. 'प्राउड मोमेंट' लिहिणार, तिरंग्याचा इमोजी टाकणार, 'आमच्या गावचा' असंही सांगणार. त्याला खर्च काहीच नाही. खर्च आहे तो आधी. तालमीतल्या एका पोराच्या महिन्याच्या दुधाचे पैसे, धावणाऱ्या मुलीसाठी एक बुटांचा जोड, ज्युनिअरसाठी मीटिंगमध्ये उच्चारलेलं एक वाक्य. यातलं काही द्यायचं म्हणजे पैसे फुकट जाण्याचीही तयारी हवी. पोर हरू शकतं. बहुतेक पोरं हरतातच. खासबागेच्या हौद्यात उतरलेल्या हजारो पैलवानांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? तरीही कोल्हापूर त्यांना पोसत राहिलं, म्हणून त्यातून एक खाशाबा निघाले.

खर्डेकर सर कुस्तीगीर नव्हते, कॉलेज चालवणारे गृहस्थ होते. त्यांनी एका पोरावर भरवसा ठेवला आणि कागदावर सही केली. सही करायला किती वेळ लागला असेल? पंधरा मिनिटंसुद्धा नाही.